उभ्या गाडीचा कंप

मनुष्यास ताप आला म्हणजे वैद्य प्रथम नाडी पाहतो, जीभ पाहतो, भूक व झोप यांची विचारपूस करतो आणि मगच औषधाची पुडी बांधतो. घरांतील मोटारीच्या बाबतींत मात्र ही रीत आपण सोडून देतों. गाडी सिग्नलपाशीं उभी असतां थरथरूं लागली, कीं "प्लग बदला," असें एक जण म्हणतो, "इंजेक्टर साफ करा," असें दुसरा सुचवितो, आणि गॅरेजांतला मिस्त्री या दोन्ही सल्ल्यांस मान देऊन तिसरी एखादी वस्तु आपल्या पदरची म्हणून यादींत घालतो. पैसे जातात आणि कंप राहतो. याचें कारण उघड आहे. कंप हा रोग नव्हे, तें रोगाचें लक्षण आहे, आणि एकच लक्षण अनेक रोगांत दिसूं शकतें. गाडी उभी व इंजिन चालूं असतांना, म्हणजे गॅरेजच्या भाषेंत 'आयडलिंग'ला, जो कंप जाणवतो त्याचा विचार या महिन्यांत आम्ही निदानाच्या दृष्टीनें करणार आहों.

आपल्या वैद्यकानें यासाठीं एक उत्तम शिस्त घालून दिलेली आहे. माधवकराच्या 'रोगविनिश्चय' ग्रंथांत, ज्यास सर्वजण 'माधवनिदान' म्हणून ओळखतात, रोग जाणण्याचीं पांच साधनें सांगितलीं आहेत. निदान म्हणजे कारण, पूर्वरूप म्हणजे पूर्वसूचना, रूप म्हणजे प्रकट लक्षण, उपशय म्हणजे कशानें बरें वाटतें व कशानें बिघडतें याची परीक्षा, आणि संप्राप्ति म्हणजे दोषानें आंत कसकसें काम केलें याची हकीकत. यंत्रास वात, पित्त, कफ नसतात हें आम्हांस ठाऊक आहे. तथापि विचाराची ही शिस्त यंत्रासही तंतोतंत लागू पडते, आणि त्यांतही उपशय हें साधन असें आहे कीं, तें हत्यारांवांचून घरच्या घरीं वापरतां येतें.

सर्वांच्या आधीं प्रकृति व विकृति यांतील भेद ध्यानांत घ्यावा. प्रत्येक इंजिनास जन्मतःच कांहीं कंप असतो. सध्यांच्या इंजिनांत प्रत्येक सिलिंडरांत दर दोन फेऱ्यांस एकदां स्फोट होतो. उभ्या गाडीचें इंजिन मिनिटास ७५० फेरे घेतें असें धरलें, तर चार सिलिंडरांच्या इंजिनांत सेकंदास २५ स्फोट होतात, तीन सिलिंडरांच्या इंजिनांत १९ हूनही थोडे कमी, आणि दोन सिलिंडरांच्या इंजिनांत १२ ते १३. स्फोट जितके विरळ, तितका एकेक धक्का अंगास वेगळा जाणवतो. म्हणून १९८३ सालीं आलेली मारुति ८०० ही तीन सिलिंडरांची गाडी, किंवा २००९ सालची दोन सिलिंडरांची नॅनो, चार सिलिंडरांच्या गाडीहून उभी असतांना अधिक थरथरे, यांत नवल नव्हतें. आजच्या लहान गाड्यांपैकीं पुष्कळांत तीनच सिलिंडर असतात. चार सिलिंडरांचें सरळ रांगेचें इंजिनही अगदीं निर्दोष नव्हे. त्यांत फेऱ्यांच्या दुप्पट गतीचा एक सूक्ष्म कंप उरतोच, आणि तो मोडण्यासाठीं विसाव्या शतकाच्या आरंभीं फ्रेडरिक लँचेस्टर या इंग्रज यंत्रशास्त्रज्ञानें इंजिनाच्या दुप्पट वेगानें उलटसुलट फिरणाऱ्या दोन दांड्यांची योजना काढली. डिझेल इंजिनांत हवा फार दाबली जात असल्यामुळें त्याचा कंप पेट्रोलच्या इंजिनाहून स्वभावतःच राकट असतो. यास्तव पहिला प्रश्न 'गाडी कांपते काय?' हा नसून 'पूर्वी कांपत नव्हती, ती आतां कांपते काय?' हा आहे. शंका असल्यास त्याच जातीच्या दुसऱ्या गाडींत पांच मिनिटें बसून पाहावें. तीही तशीच थरथरत असेल, तर तो तिचा स्वभाव समजावा आणि गॅरेजचा खर्च वांचवावा.

आतां संप्राप्ति पाहूं. दोष असलेलें इंजिन रस्त्यावर सुरळीत पळतें आणि उभें राहतांच कां कांपतें? याचें उत्तर फ्लायव्हीलमध्यें आहे. हें जड चाक दोन स्फोटांमधील वेळांत इंजिनास फिरतें ठेवतें. त्यांत सांठलेली शक्ति वेगाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढते. ७५० फेऱ्यांवर जी शिल्लक असते, तिच्या सोळापट शिल्लक ३००० फेऱ्यांवर असते. श्रीमंताच्या घरीं एक महिना पगार चुकला तर तें शेजाऱ्यास कळत नाहीं, पण हातावर पोट असणाऱ्याच्या घरीं एक दिवस मजुरी बुडली तर चूल विझते. तसेंच येथें आहे. मंदगतीच्या इंजिनापाशीं शिल्लक थोडी असते, म्हणून एक स्फोट चुकला तरी तें अडखळतें. म्हणूनच आयडलिंग ही इंजिनाची खरी परीक्षेची घडी होय.

उभ्या गाडीच्या कंपाचीं बहुतेक कारणें तीन ठिकाणीं वसतात. त्यांस आम्ही अग्नि, श्वास आणि बैठक अशीं नांवें देतों.

अग्नीचा दोष म्हणजे एखाद्या सिलिंडरांत स्फोट नीट न होणें. मिस्त्री यास 'गाडी मिसिंग मारते' असें म्हणतात. प्लग झिजलेला असतो, त्यास ठिणगी पुरविणारी कॉइल दुबळी झालेली असते, किंवा इंधनाचा फवारा सोडणारा इंजेक्टर चोंदलेला असतो. क्वचित् झडपा नीट मिटत नाहींत व दाब निसटतो. एक सिलिंडर पूर्ण बंद पडला, तर ७५० फेऱ्यांवर सेकंदास सुमारें सहा वेळां धक्का चुकतो, आणि तें अडखळणें नेहमींच्या स्फोटांच्या गतीहून पुष्कळ संथ असतें. सायलेन्सरच्या तोंडाशीं कान दिला, तर एकसुरी आवाजाऐवजीं मधूनमधून 'फट्' असा खंड ऐकूं येतो.

श्वासाचा दोष म्हणजे हवेचा हिशेब बिघडणें. हवेच्या मार्गावरील पडद्याच्या कडेस, म्हणजे थ्रॉटलपाशीं, काजळी सांचते, तेव्हां मंदगतीस लागणारी थोडीशी हवाही नीट मिळत नाहीं. इंजिन धापा टाकतें आणि ए.सी. लावतांच बंद पडूं पाहतें. उलट एखादी रबरी नळी चिरली, तर मोजणीबाहेरची हवा आंत शिरते. मग फेरे कधीं चढतात, कधीं उतरतात, आणि बॉनेटखालीं बारीक फुसकारा ऐकूं येतो.

तिसरें स्थान बैठकीचें. इंजिन गाडीच्या सांगाड्यावर थेट टेकलेलें नसतें. तें रबराच्या व धातूच्या तीन-चार आधारांवर बसविलेलें असतें. यांस गॅरेजांत 'माउंटिंग' किंवा 'फाउंडेशन' म्हणतात. कांहींच्या पोटांत तेलकट द्रवही भरलेला असतो. रबर फाटलें किंवा द्रव गळून गेला, म्हणजे इंजिन निरोगी असूनही त्याचा स्वाभाविक कंप सांगाड्यांत उतरतो, आणि बसणाऱ्यास वाटतें कीं इंजिनच बिघडलें.

या तिघांस एकमेकांपासून निवडण्याची पहिली खूण फेरे दाखविणाऱ्या कांट्यांत आहे. कांटा स्थिर असून अंग कांपत असेल, तर बहुधा बैठक दोषी असते. कांटा खालींवर हेलकावत असेल, तर श्वासाकडे पाहावें. कांट्यास मधूनच झटका बसत असेल व धक्का तालांत चुकत असेल, तर अग्नीकडे पाहावें. कंपाचा वेग मोजावयाचा असल्यास आतां प्रत्येकाच्या खिशांतल्या फोनमध्यें कंप टिपणारें साधन असतें. चार सिलिंडरांच्या गाडींत तें सेकंदास पंचविसाच्या आसपास आंकडा दाखवीत असेल, तर ती स्फोटांचीच नेहमींची गति होय. सहाच्या आसपास जोर दिसत असेल, तर एक सिलिंडर चुकत आहे असें समजण्यास आधार मिळतो.

येथें एका घराची हकीकत सांगण्यासारखी आहे. पुण्यांतील आमच्या परिचयाच्या एका एकत्र कुटुंबांत आपोआप गियर बदलणारी एक गाडी आहे. ती उभी असतां थरथरूं लागली. घरांतील थोरल्या पुतण्यानें ती एका गॅरेजांत नेली. तेथें प्रथम प्लग बदलण्यांत आले, मग कॉइली, आणि मग इंजेक्टरांची सफाई झाली. तीन वेळां बिल भरलें गेलें, पण थरथर तशीच राहिली. चौथ्या फेरीस दाब तपासण्यासाठीं इंजिन उघडण्याची गोष्ट निघाली, तेव्हां घरांत चिंतेचें वातावरण पसरलें, कारण त्याच महिन्यांत धाकट्या मुलीच्या महाविद्यालयाची फी भरावयाची होती. रात्रीं जेवणावर हा विषय चालूं असतां वाढतां वाढतां काकू म्हणाल्या, "ती दारांत उभी असते तेव्हां कुठें कांपते? सिग्नलला थांबलों म्हणजेच मागच्या सीटवर माझे गुडघे हलतात."

"काकू, हें तुम्ही आधीं कां नाहीं सांगितलेंत?" पुतण्यानें विचारलें.

"अरे, मला विचारलें कोणी?" काकू म्हणाल्या.

काकूंच्या त्या एका वाक्यांत सारें निदान होतें. दारांत उभ्या गाडीचा गियर 'पी'वर असतो. सिग्नलपाशीं तो 'डी'वर असतो आणि पाय ब्रेकवर असतो. 'डी'वर इंजिन चाकांकडे जोर लावीत असतें आणि ब्रेक त्यास अडवीत असतो. तो सारा ताण माउंटिंगवर येतो. फाटलेलें रबर तेथें उघडें पडतें. दुसऱ्या दिवशीं मिस्त्र्यानें गाडीखालीं दिवा धरून पाहिलें, तों एक माउंटिंग चिरून त्यांतील द्रव ओघळलेला आढळला. तें बदलतांच गाडी शांत झाली. इंजिन उघडण्याची गरज पडली नाहीं.

या हकीकतींत आमच्या मतें दोन बोध आहेत. पहिला असा कीं, एकत्र कुटुंबाच्या गाडीस साक्षीदार पुष्कळ असतात, आणि त्यांतील प्रत्येकास रोगाची निराळी बाजू दिसते. जो सकाळीं प्रथम गाडी काढतो, त्यास थंड इंजिनाची वागणूक ठाऊक असते. जो दुपारच्या रहदारींत अडकतो, त्यास तापलेल्या इंजिनाची. मागें बसणाऱ्या वडीलधाऱ्या मंडळींस आणि मुलांस असा कंप जाणवतो कीं जो स्टिअरिंगवर हात असणाऱ्यास कळतही नाहीं. चालविणाऱ्याचाच शब्द प्रमाण मानून बाकीच्यांस न विचारणें, ही निदानांतील मोठी उणीव होय. दुसरा बोध उपशयाचा. काकूंनीं न कळत केलेली परीक्षा हीच कीं, एक परिस्थिति बदलली, बाकी सर्व तसेंच राहिलें, आणि कंप गेला.

अशाच चार परीक्षा कोणत्याही घरीं करतां येतात. मात्र एका वेळीं एकच गोष्ट बदलावी, नाहीं तर उत्तर कोणत्या बदलाचें हें कळणार नाहीं.

पहिली परीक्षा गियरची. गाडी मोकळ्या सपाट जागीं उभी करावी, हँडब्रेक ओढावा, पाय ब्रेकवर घट्ट ठेवावा आणि गाडीच्या पुढेंमागें कोणास उभें राहूं देऊं नये. आपोआप गियरच्या गाडींत 'एन' व 'डी' यांतील फरक पाहावा. हातगियरच्या गाडींत न्यूट्रलमध्यें क्लच दाबून व सोडून पाहावें. क्लच दाबल्यानें कंप किंवा आवाज बदलत असेल, तर इंजिनाबरोबर क्लच व गियरबॉक्स यांकडेही लक्ष द्यावें लागतें.

दुसरी परीक्षा भाराची. ए.सी. बंद ठेवून पाहावें, मग लावून पाहावें. लावतांच क्षणभर फेरे उतरून पुन्हां सांवरले, तर तें स्वाभाविक आहे. सांवरलेच नाहींत, तर थ्रॉटलच्या काजळीचा संशय घ्यावा.

तिसरी परीक्षा वेगाची. न्यूट्रलमध्यें हळूहळू रेस देऊन फेरे १५०० पर्यंत न्यावे. बहुतेक मंदगतीचे दोष येथें झांकले जातात. उलट वेगाबरोबर कंप वाढतच गेला, तर इंजिनाबरोबर फिरणाऱ्या एखाद्या भागाचा तोल गेला असावा. एखाद्या ठराविक वेगावरच खडखड झाली, तर सायलेन्सरची नळी किंवा तिच्यावरचा उष्णतेचा पत्रा सैल असण्याचा संभव असतो.

चौथी परीक्षा उष्णतेची. थंड असतांना अडखळून तापल्यावर सुधारणारी गाडी आणि थंडपणीं शांत असून तापल्यावर बिघडणारी गाडी, या दोघींचे रोग निराळे असतात. दुसऱ्या प्रकारांत कॉइल बऱ्याच वेळां दोषी निघते.

निदान व पूर्वरूप यांसाठीं मागील महिन्याची आठवण करावी. प्रेशरच्या पाण्यानें इंजिन धुतलें होतें काय? पावसाळ्यांत गाडी सांचलेल्या पाण्यांतून गेली होती काय? बॅटरी काढली होती काय? कित्येक गाड्यांत बॅटरी काढल्यावर संगणकास मंदगतीचा हिशेब पुन्हां शिकावा लागतो, आणि थोडे दिवस गाडी कुरकुरते. सोसायटीच्या तळमजल्यावर उंदरांचा उपद्रव आहे काय? इंजिनाच्या ऊबेस येऊन तारा व नळ्या कुरतडणारे उंदीर हें आपल्याकडील कंपाचें मुळींच दुर्मिळ नसलेलें कारण आहे. गियर घालतांना ठोका बसूं लागला होता काय? पेट्रोल अधिक लागूं लागलें होतें काय? हीं सारीं पूर्वरूपें होत.

ज्यांच्या घरीं पूर्वी प्रीमियर पद्मिनी होती, त्यांस आठवत असेल कीं, कार्ब्युरेटरचा एक स्क्रू फिरवून फेरे वाढविले म्हणजे थरथर नाहींशी होई. ती युक्ति लक्षण झांकण्याची होती. आजच्या गाडींत मंदगति संगणक ठरवितो, त्यामुळें ती वाट बंद झाली आहे, आणि हें चांगलेंच झालें. हा संगणक मुख्य दांड्याच्या गतींतील सूक्ष्म उतार टिपून कोणता सिलिंडर चुकला हें ओळखतो व तशी खूण नोंदवितो. 'पी०३००' म्हणजे अनेक किंवा अनिश्चित सिलिंडर चुकत आहेत, 'पी०३०२' म्हणजे दुसरा सिलिंडर चुकत आहे. परंतु ही खूण म्हणजे रूप होय, निदान नव्हे. 'दुसरा चुकतो' एवढेंच ती सांगते. कॉइल बदला असें ती सांगत नाहीं. शहाणा मिस्त्री अशा वेळीं दुसऱ्या सिलिंडरची कॉइल तिसऱ्यावर चढवितो आणि खुणा पुसून गाडी पुन्हां चालवितो. नवी खूण 'पी०३०३' आली, तर दोष कॉइलीबरोबर गेला, म्हणजे कॉइलच दोषी. खूण 'पी०३०२'च राहिली, तर तो हीच अदलाबदल प्लगची करतो, मग इंजेक्टर पाहतो आणि शेवटीं दाब. यास एकही नवा भाग विकत घ्यावा लागत नाहीं. उपशयाचें याहून सुरेख उदाहरण आम्हांस ठाऊक नाहीं.

कांहीं गोष्टींत मात्र परीक्षेस वेळ घालवूं नये. इंजिनाचा पिवळा दिवा स्थिर असेल, तर गाडी सावकाश गॅरेजपर्यंत न्यावी. तो लुकलुकत असेल, तर गाडी बाजूस घेऊन थांबवावी. न जळलेलें पेट्रोल धुराबरोबर पुढें जाऊन धूर शुद्ध करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्यें पेटतें आणि तो महागडा भाग जळून निकामी होतो. पेट्रोलचा वास आल्यास, किंवा तापमानाचा कांटा चढल्यास, इंजिन तत्काळ बंद करावें. बंद गॅरेजांत इंजिन चालूं ठेवून परीक्षा कधींही करूं नये. धुरांतील कार्बन मोनॉक्साइडला रंग नाहीं, वास नाहीं, आणि तो मनुष्यास गुंगींतच मारतो. बॉनेट उघडें असतां पदर, ओढणी, मोकळे केस व सैल बाह्या दूर ठेवाव्या. थंड करणारा विजेचा पंखा इंजिन बंद असतांही आपोआप सुरू होऊं शकतो, हें मुलांस आवर्जून सांगावें.

शेवटीं गॅरेजाविषयीं. मिस्त्र्यावर आम्हीं दोष ठेवीत नाहीं. 'गाडी कांपते, बघा' एवढेंच सांगणाऱ्या गिऱ्हाइकास तो अनुभवानें सर्वांत संभाव्य वस्तु बदलून देतो, आणि कित्येकदां ती बरोबरही ठरते. परंतु आपण त्याजकडे लक्षणें घेऊन जावें, औषधाचें नांव घेऊन जाऊं नये. गाडींत एक लहान वही ठेवावी. केव्हां कांपली, थंड कीं तापलेली, कोणत्या गियरमध्यें, ए.सी. चालूं कीं बंद, कांटा काय दाखवीत होता, आणि कंप कोणास कोठें बसून जाणवला, हें घरांतील प्रत्येकानें तींत आपल्या शब्दांत लिहावें. चार दिवसांच्या अशा नोंदी हातीं पडल्या, तर जाणता मिस्त्री बॉनेट उघडण्यापूर्वीच अर्धें निदान करतो. आणि जो त्या वाचण्याचें नाकारून थेट पाना उचलतो, त्याच्या हातीं गाडी द्यावी कीं नाहीं, याचाही निर्णय त्याच क्षणीं होऊन जातो.